पूर्वेकडून आलेले पाहुणे

नाताळच्या गोठ्यात सगळ्यांत उशिरा पोहोचतात ते तिघे. मेंढपाळ, गाय, गाढव, देवदूत ही मंडळी २४ डिसेंबरच्या रात्रीच आपापल्या जागी असतात. मुकुट घातलेले, हातात पेट्या धरलेले तीन राजे बाळापुढे येतात ते ६ जानेवारीला. काही देशांत घरची मुले या तीन मूर्ती रोज वीतभर पुढे सरकवत नेतात. या दिवसाला चर्चच्या पंचांगात ‘एपिफनी’ म्हणतात, मराठी ख्रिस्ती लोक ‘प्रकटीकरणाचा सण’ म्हणतात आणि गोव्यात ते ‘तीन रायांचें फेस्त’ असते.

हा सण ज्या मजकुरावर उभा आहे, तो जेमतेम बारा वचनांचा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. पूर्वेकडून काही ‘मागी’ लोक यरुशलेमेला येतात आणि यहुद्यांचा राजा कुठे जन्मला म्हणून विचारतात. त्यांनी त्याचा तारा पाहिलेला असतो. हेरोद राजा हे ऐकून हादरतो. तारा त्यांना बेथलेहेमला नेतो, ते आईजवळच्या बाळाला नमन करतात, सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात, आणि स्वप्नात इशारा मिळाल्यावर हेरोदाला टाळून दुसऱ्या वाटेने आपल्या देशी जातात. संपले. ते किती जण होते, हे मत्तय सांगत नाही. नावे नाहीत, उंट नाहीत, मुकुट नाहीत. गोठासुद्धा नाही, कारण ते एका घरात शिरतात. गव्हाणीची आणि मेंढपाळांची गोष्ट लूकची आहे. आपण पाहतो तो देखावा दोन वेगळ्या कथा एकत्र आणून मांडलेला असतो.

मग तीन राजे आले कुठून? शब्दांतून आणि चित्रांतून. बारा वचनांत ज्या जागा मोकळ्या सुटल्या होत्या, त्या पुढच्या पिढ्यांनी भरल्या, आणि भरताना प्रत्येकाने आपापल्या जगाची सीमा तिथे आणून ठेवली. ‘फार दूरचा माणूस’ म्हणजे कोण, याचे दीड हजार वर्षांचे उत्तर या तीन आकृतींत साठलेले आहे.

सणाच्या नावापासून सुरुवात करू. ग्रीक ‘एपिफानेइया’ म्हणजे प्रकट होणे, दृष्टीस पडणे. त्याच्या पोटात ‘फाइनेइन’ हे क्रियापद आहे: प्रकाशणे, दिसू लागणे, दाखवणे. भाषाशास्त्रज्ञ त्याची सांगड संस्कृतातल्या ‘भा’ धातूशी घालतात. ग्रीकमधला हा ‘फ’ आणि संस्कृतातला ‘भ’ अनेक शब्दांत समोरासमोर येतात. ग्रीक ‘फ्रातेर’ आणि आपला ‘भ्राता’ ही त्यातलीच जोडी. त्यामुळे एपिफनी हा शब्द प्रभा, आभा, भानू, भास्कर यांच्या गोतातला आहे. नाव परदेशी वाटते, मूळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

ख्रिस्ती लोकांनी तो उचलला तेव्हा तो काही कोरा नव्हता. ग्रीक जगात देवाने एकाएकी दर्शन देणे म्हणजे एपिफानेइया, आणि राजांनाही ती पदवी हवीशी वाटे. सीरियाचा चौथा अँटिओकस इ.स.पू. १७५ ते १६४ या काळात राज्य करत होता. त्याने आपल्या नाण्यांवर ‘प्रकट झालेला देव’ अशा अर्थाची ‘एपिफानेस’ ही उपाधी कोरून घेतली. लोक एक अक्षर बदलून त्याला ‘एपिमानेस’, म्हणजे वेडा, म्हणत. यरुशलेमच्या मंदिराची विटंबना करणारा हाच राजा. त्याच्याविरुद्धच्या उठावाची आठवण म्हणून यहुदी लोक हनुक्का साजरा करतात. ज्या शब्दात असा दरबारी दर्प होता, तोच पुढे एका गरीब घरातल्या तान्ह्या मुलासाठी वापरला गेला. मला हा शब्दाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास वाटतो.

इटलीत बोलता बोलता या शब्दाचा इतका चुरा झाला की ‘एपिफानिया’ची ‘बेफाना’ झाली, आणि बेफाना नावाची केरसुणीवर बसून फिरणारी म्हातारी जन्माला आली. सणाच्या आदल्या रात्री ती मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते. सणाचे नाव झिजून त्यातून एक जिवंत पात्र उभे राहावे, असे क्वचित घडते.

पूर्वेकडच्या सीरियाक भाषेने मात्र उजेडाचा अर्थ घट्ट धरून ठेवला. त्या भाषेत सणाचे नाव ‘देनहा’, म्हणजे उगवणे. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांकडे ते ‘दनहा’ होऊन आले. तिथे या दिवशी केळीचे खांब अंगणात आणि चर्चपुढे रोवतात, सजवतात आणि त्यांवर दिवे लावतात. इरिंजालकुडाचा उत्सव त्यासाठी नावाजलेला आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ६ जानेवारीचा भर येशूच्या बाप्तिस्म्यावर आहे, आणि आर्मेनियन चर्च तर अजून येशूचा जन्मही याच दिवशी साजरा करते. मागींची कथा या दिवसाच्या केंद्रस्थानी आणली ती पश्चिमेने.

आता ‘मागी’ या शब्दाकडे येऊ. मराठी बायबलने तो तसाच ठेवला, भाषांतर केले नाही, हे फार बरे झाले. जुन्या फारसीत ‘मगुश’ म्हणजे इराणी पुरोहित. सम्राट दारयवहूच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात गौमात नावाच्या मगुशाचा उल्लेख आहे, त्याने इ.स.पू. ५२२ मध्ये गादी बळकावली, असे दारयवहू सांगतो. हेरोडोटसच्या मते मागी ही मीड लोकांच्या सहा टोळ्यांपैकी एक. यज्ञ करणे, स्वप्नांचे अर्थ लावणे ही त्यांची कामे. ग्रीकांना परक्या पुरोहितांचे विधी गूढ आणि संशयास्पद वाटत, म्हणून ‘मागेइया’ म्हणजे जादूटोणा असा अर्थ रूढ झाला, आणि पुढे इंग्रजीत ‘मॅजिक’. मत्तयने हा शब्द वापरला तेव्हा त्याला दोन्ही कडा होत्या: पूर्वेचे ज्ञान आणि परक्याबद्दलचा संशय. बाळाला ओळखतात ते हे लोक, आणि धर्मग्रंथ तोंडपाठ असलेले यरुशलेमचे शास्त्री घरीच बसून राहतात. कथेचा सगळा जोर त्यात आहे.

या शब्दाचा वंश मुंबईत आजही नांदतो आहे. पारशी अग्यारीतल्या धर्मगुरूला ‘मोबेद’ म्हणतात. तो शब्द ‘मगुपति’पासून, म्हणजे मगांच्या प्रमुखापासून, घासत घासत आला. इराणमधून आणखी एक शाखा फार पूर्वी भारतात उतरली होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त सांगून ठेवले की सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठापना मगांनी करावी. उत्तर भारतातल्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत उंच बूट दिसतात. एरवी आपल्या देवांच्या पायांत असे बूट कुठे दिसणार? तो वायव्येकडून आलेल्या लोकांचा पोशाख. शाकद्वीपीय ब्राह्मण स्वतःला याच मगांचे वंशज मानतात.

पोशाखाचा हाच धागा धरून चित्रांकडे जाता येते. रोममध्ये प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत एका कमानीवर या प्रसंगाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आहे, साधारण तिसऱ्या शतकातले. बसलेली आई, मांडीवर मूल, आणि तिच्याकडे झपझप चालत येणाऱ्या तीन आकृती. मुकुट नाहीत. इतर दफनभूमींत हीच मंडळी कधी दोन, कधी चार आहेत, कारण चित्रकाराला दोन्ही बाजू सारख्या भरायच्या होत्या. सीरियाक परंपरेत ते बारा झाले. तिघांवर शिक्कामोर्तब झाले ते तीन भेटींमुळे: पेट्या तीन, तर माणसेही तीन.

हे सुरुवातीचे मागी विजारी घालतात आणि डोक्यावर पुढे कलंडलेल्या टोकाची मऊ टोपी असते. रोमन माणसाच्या लेखी विजार म्हणजे रानटी, पूर्वेकडच्या लोकांची खूण. रोमच्या विजयशिल्पांत हरलेले पौर्वात्य असेच वाकून सम्राटापुढे सोन्याचा मुकुट धरतात. ख्रिस्ती कारागिरांनी तोच साचा घेतला आणि सम्राटाच्या जागी मूल बसवले. इटलीतल्या रावेन्नाच्या सांत-अपोलिनारे नुओवो चर्चमध्ये सहाव्या शतकातल्या मोझेकवर हे तिघे नक्षीदार विजारींत ओळीने धावत येताना दिसतात, आणि त्यांच्या डोक्यांवर नावे लिहिली आहेत: बाल्थासार, मेल्खिओर, गास्पार. त्याच गावातल्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राज्ञी थिओडोराच्या जांभळ्या झग्याच्या काठावर पुन्हा तेच तिघे भरतकामात आहेत. सम्राज्ञी सोन्याचे पात्र घेऊन निघाली आहे, आणि तिच्या पायाशी मागी आपापली भेट घेऊन निघाले आहेत. एक गोष्ट अशीही सांगितली जाते की ६१४ मध्ये इराणी फौजांनी पॅलेस्टाइन लुटले तेव्हा बेथलेहेमचे चर्च त्यांनी सोडून दिले, कारण चित्रातल्या माणसांच्या अंगावर त्यांना आपलेच कपडे दिसले. ती दंतकथा असेल. पण पोशाख किती बोलका होता, हे तिच्यातून कळते.

नावांचा उलगडा अर्धामुर्धाच होतो. मेल्खिओरमध्ये हिब्रू ‘मेलेख’, म्हणजे राजा, ऐकू येतो. बाल्थासार हे बॅबिलोनी नाव, त्यात ‘बेल’ हा देव आहे. गास्पारच्या बाबतीत काही अभ्यासक थेट आपल्या उपखंडात येतात: पहिल्या शतकात गांधार आणि तक्षशिलेवर राज्य करणाऱ्या गोंडोफारेस या पार्थियन राजाचे नाव आर्मेनियन भाषेतून झिजत ‘गास्पार’ झाले, असा त्यांचा तर्क आहे. प्रेषित थोमाच्या जुन्या कथेत हाच राजा भेटतो. हे खरे असेल तर गोव्यातल्या कितीतरी गास्पारांच्या नावात तक्षशिलेचा एक राजा आहे.

पुरोहितांचे राजे झाले ते जुन्या कराराच्या वाचनातून. बहात्तराव्या स्तोत्रात दूरचे राजे भेटी आणतात; यशयाच्या साठाव्या अध्यायात उंट येतात, सोने आणि ऊद येतो. कार्थेजच्या टर्टुलियनने इ.स. २०० च्या सुमारास मागी जवळजवळ राजेच होते, असे लिहिले. दहाव्या शतकापर्यंत पश्चिमेकडच्या चित्रांत टोप्या जाऊन मुकुट आले. मग ११६४ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा मंत्री आणि कोलोनचा आर्चबिशप राइनाल्ट याने पाडाव झालेल्या मिलानमधून या तिघांचे मानले जाणारे अवशेष कोलोनला नेले. निकोलस ऑफ व्हर्दुन या सोनाराच्या हाताखाली त्यांच्यासाठी सुमारे २.२० मीटर लांबीची सोन्याची पेटी घडली, आणि यात्रेकरूंची एवढी रीघ लागली की १२४८ मध्ये नवे कॅथेड्रल बांधायला घेतले. ते पुरे झाले १८८० मध्ये. कोलोनच्या बोधचिन्हावर आजही तीन मुकुट आहेत. स्वप्नातल्या इशाऱ्याने वाट बदलून सुखरूप घरी गेलेले हे लोक प्रवाशांचे पाठीराखे ठरले. युरोपातल्या जुन्या वाटांवर ‘तीन राजे’ नावाच्या खानावळी आणि धर्मशाळा दिसतात त्या यामुळेच.

ते स्वप्न फ्रान्समधल्या ओतँच्या कॅथेड्रलमध्ये दगडात कोरले आहे, साधारण ११३० च्या सुमारास. खांबाच्या माथ्यावर, दोन हातांत मावेल एवढ्या जागेत, तिन्ही राजे एकाच पलंगावर, एकाच पांघरुणाखाली झोपलेत. पांघरूण अर्धवर्तुळाकार, चुण्याचुण्यांचे. झोपेतही मुकुट डोक्यावरच, नाहीतर ते राजे आहेत हे कळणार कसे? पंख पसरलेला देवदूत एका हाताने ताऱ्याकडे दाखवतो, आणि दुसऱ्या हाताचे एक बोट कडेच्या राजाच्या उघड्या हाताला हळूच लावतो. त्या एकाचे डोळे उघडले आहेत. बाकीचे दोघे गाढ झोपेत आहेत. एपिफनी म्हणजे दिसू लागणे, हे मला इथे सगळ्यांत नेमके सांगितलेले वाटते. मोठ्या रंगीत चित्रांतही इतका नेमका क्षण मला सापडलेला नाही.

ताऱ्याचे रूपही असेच बदलत गेले. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने १३०५ च्या आसपास तो शेपटीवाला, अग्नीचा लोळ काढला. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू आकाशात आला होता आणि जोत्तोने तो पाहिला असावा. म्हणूनच १९८६ मध्ये त्या धूमकेतूजवळून गेलेल्या युरोपीय यानाचे नाव ‘जोत्तो’ ठेवले.

फ्लोरेन्समध्ये जेंतिले दा फाब्रियानोने १४२३ मध्ये सावकार पाल्ला स्त्रोझ्झीसाठी रंगवलेला फलक तर सोन्याने मढलेला आहे. माकडे, चित्ते, घोडे, शिकारी कुत्रे, मागे डोंगरावर वळणे घेणारी मिरवणूक. पण चित्राचा गाभा खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. सर्वांत म्हातारा राजा मुकुट जमिनीवर ठेवून बाळाच्या पायाशी ओणवला आहे, आणि बाळाने आपला चिमुकला हात त्याच्या टकलावर ठेवला आहे. उजवीकडे, पाय रोवून उभ्या असलेल्या तरुण राजाच्या टाचेशी एक नोकर वाकून त्याची आर सोडतो आहे. नमनाची पाळी अजून यायची आहे, पण तयारी चालू आहे. मरियेच्या तेजोवलयात अरबी लिपीसारखी दिसणारी नक्षी आहे. वाचता येणारा मजकूर तो नाही. पूर्वेच्या कापडांवर आणि भांड्यांवर पाहिलेली अक्षरे चित्रकाराने पवित्र दागिना म्हणून वापरली.

तिघांच्या हातातल्या भेटींना चर्चच्या पंडितांनी अर्थ लावून दिले: सोने राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरणासाठी, कारण प्रेताला तो लावत. मराठी घरांना मात्र गंधरसाची ओळख वेगळीच आहे. गंधरस म्हणजे हिराबोळ. काष्ठौषधींच्या दुकानात तो तांबूस, ठिसूळ खड्यांच्या रूपात मिळतो, चवीला अतिशय कडू. अरबीत त्याचे नावच ‘मुर्र’, म्हणजे कडू. आपल्याकडे तो बाळंतिणीच्या औषधांत असतो. उदाचे झाडही परके नाही. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या शिंगातल्या ज्या झाडांचा तो डिंक, त्यांची सख्खी बहीण म्हणजे सातपुड्यात आणि विदर्भात उगवणारी साळई. बेथलेहेमच्या घरात नुकती बाळंत झालेली बाई होती आणि पाहुण्यांनी हिराबोळ आणला, हे कोकणातल्या आजीला अगदी साहजिक वाटले असते. मला तो अर्थ पंडितांच्या अर्थाइतकाच मोलाचा वाटतो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक बदल पक्का झाला. संत बीडच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या मजकुरात बाल्थासारला काळसर म्हटले होते; आता जर्मन आणि डच चित्रांत एक राजा स्पष्ट आफ्रिकी झाला. बॉशच्या चित्रात तो शुभ्र झग्यात ताठ उभा आहे, ड्यूररच्या १५०४ च्या चित्रातही तो आहे. ही चित्रे फार देखणी आहेत. त्याच शतकात, १४४४ मध्ये, पोर्तुगालच्या लागोस बंदरात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची पहिली मोठी खेप उतरली होती. चर्चमध्ये आफ्रिकी राजापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांच्या बंदरात आफ्रिकी माणसे विकली जात होती. चित्रे पाहताना हे विसरू नये.

पोर्तुगालच्या व्हिझेउ शहरातल्या कॅथेड्रलसाठी १५०१ ते १५०६ च्या दरम्यान व्हास्को फेर्नांदिश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रंगवलेला फलक याहून पुढे जातो. काब्रालची जहाजे एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलला लागली होती. या फलकात आफ्रिकी राजाच्या जागी ब्राझीलचा आदिवासी उभा आहे, पिसांचा मुकुट घालून. नवे जग सापडले आणि थोड्याच वर्षांत ते गोठ्यात दाखल झाले. काब्रालचा तोच ताफा ब्राझीलहून पुढे कालिकतला आला होता.

त्याच समुद्रमार्गाने हा सण गोव्यात आला. मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीसमोर, पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये किल्ला बांधला आणि १५५५ मध्ये फ्रान्सिस्कनांनी त्याच्या पायथ्याशी बारदेशातले पहिले चर्च उभारले. नाव दिले रेईश मागूश. रेईश म्हणजे राजे, मागूश म्हणजे मागी: मत्तयचा शब्द आणि परंपरेचा शब्द शेजारी शेजारी. चर्चमध्ये बाळापुढे आलेल्या तिघांचा कोरीव, रंगीत फलक आहे. ६ जानेवारीला गावातली तीन मुले राजांच्या पोशाखात घोड्यांवर बसून येतात. सासष्टीत चांदरलाही असेच राजे निघतात.

इथे एक मोठी उलटापालट झाली आहे. युरोपात दर शतकाने या राजांसाठी आणखी दूरचा माणूस शोधला: इराणी, आफ्रिकी, ब्राझीलचा. गोवा मात्र स्वतःच ते ‘पूर्व’ होते. इथे परका माणूस आणण्याची गरजच उरली नाही. राजे शेजारच्या वाड्यातले झाले. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा मुकुट घालून निघतो, आणि कुएलीच्या डोंगरावरच्या रेमेदिओस मातेच्या कपेलापर्यंत तिघे तीन वेगळ्या वाटांनी घोड्यावरून चढतात. तीन वाटांची ही गोष्ट मत्तयात नाही. चौदाव्या शतकात हिल्डेसहाइमच्या योहानाने लॅटिनमध्ये तीन राजांची कथा लिहिली. तिच्यात ते तीन देशांतून निघून यरुशलेमजवळ एकमेकांना भेटतात. पुढे लिम्बुर्ख बंधूंनी बेरीच्या ड्यूकच्या प्रार्थनापोथीत हा प्रसंग रंगवला: पानाच्या तीन बाजूंनी तीन मिरवणुका येतात आणि एका उंच स्तंभापाशी मिळतात. ती पोथी आज फ्रान्समध्ये शांतियीच्या संग्रहालयात आहे. कुएलीच्या डोंगरावर तीच भेट दर ६ जानेवारीला होते, आणि तिन्ही गावे ती पाहायला वर चढलेली असतात.